थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे

आमच्या विद्यार्थी-वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आज मोबाइल फोन असतो. त्याच्या पोटांत लिथियमची बॅटरी असते. अशा कांहीं बॅटऱ्यांत वीजभार वाहून नेणारा द्रव मोकळा नसून पॉलिमरच्या मऊ जाळ्यांत जेलीप्रमाणें मुरवून ठेविलेला असतो. ही युक्ति विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. परंतु तिचा माग काढीत गेलें असतां आपण लंडनमधील पुस्तकबांधणीच्या एका दुकानांत येऊन पोहोंचतों. त्या दुकानांतील उमेदवाराचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मायकेल फॅरेडे ह्याचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडननजीक एका लोहाराच्या घरीं झाला. वडिलांची प्रकृति नेहमीं नादुरुस्त, त्यामुळें घरांत अठराविश्वें दारिद्र्य. १८०१ सालच्या महागाईंत मायकेलच्या वांट्यास आठवड्याला एक पाव येई व तोच त्यास सात दिवस पुरवावा लागे. लिहिणें, वाचणें व थोडे हिशेब एवढेंच त्याचें शालेय शिक्षण. तेराव्या वर्षीं तो रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून राहिला व पुढील वर्षीं सात वर्षांच्या करारानें बांधणीचा उमेदवार झाला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचूनही काढी. विश्वकोशांतील विजेवरील लेखानें व मार्सेटबाईंच्या रसायनशास्त्रावरील पुस्तकानें त्याचें मन वेधून घेतलें.

१८१२ सालीं त्यानें अर्ध्या पेनीचीं सात नाणीं, तेवढ्याच जस्ताच्या सात चकत्या व मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे तुकडे एकावर एक रचून स्वतःची बॅटरी तयार केली आणि तिच्या योगानें मॅग्नेशियम सल्फेटचें विघटन करून पाहिलें. त्या ओल्या कागदाकडे आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. धातूंच्या एका जोडीस दुसरीपासून अलग ठेवणें आणि विद्युद्भारित कणांस मात्र वाट देणें, अशीं दोन कामें तो करीत होता. आजच्या पॉलिमर-जेलकडूनही हींच दोन कामें करून घेतात.

त्याच वर्षीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर मायकेलनें सर हंफ्री डेव्ही ह्यांचीं चार व्याख्यानें ऐकिलीं. त्यांचीं टिपणें स्वच्छ लिहून, स्वहस्तें बांधून, त्यानें डेव्हींकडे पाठविलीं. आणि १८१३ च्या मार्चमध्यें तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मदतनीस म्हणून रुजू झाला. डेव्हींबरोबरच्या युरोपच्या प्रवासांत त्यास नोकराचीं कामेंही करावीं लागलीं व मानहानि सोसावी लागली. तरी त्याच प्रवासांत, १८१४ सालीं, बॅटरीचे जनक व्होल्टा ह्यांचें दर्शन त्यास घडलें.

पुढें फॅरेडे ह्यांची कीर्ति वाढूं लागली, तेव्हां दुसऱ्याची कल्पना उचलल्याचा आळ त्यांच्यावर आला. १८२३ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं त्यांचें नांव पुढें आलें असतां खुद्द गुरु डेव्ही ह्यांनींच विरोध केला. निवड झाली, परंतु तो घाव खोल होता. तरीही डेव्हींचे उपकार ते आदरानेंच स्मरत.

१८३१ सालीं चुंबकाच्या साह्यानें वीजप्रवाह उत्पन्न करून त्यांनीं जगाचें रूप पालटलें. त्यानंतर वीज पदार्थांतून जाते कशी, ह्या जुन्या प्रश्नाकडे ते वळले. बर्फ वीज अडवितो, पाणी ती जाऊं देतें. घट्ट क्षार अडवितात, वितळलेले क्षार वाट देतात. ह्यावरून द्रवावस्था आवश्यक असा नियम त्यांस दिसला. पण चांदीचा सल्फाइड तापविला असतां घन असूनही वीज नेतो, असें त्यांस १८३३ सालीं आढळलें. आपल्याच नियमास बाधणारी ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं, तपशीलवार नोंदविली. १८३४ सालीं विद्वान् मित्र ह्यूएल ह्यांच्या साह्यानें त्यांनीं इलेक्ट्रोलाइट, आयन हे शब्द रूढ केले. ते आजही चालू आहेत.

तो अपवाद पुढें मोठ्या संशोधनाचा विषय झाला. लिथियमच्या बॅटरींतील द्रव गळूं शकतो व पेटूं शकतो. शेफील्ड येथील संशोधकांनीं, क्षार मिसळलेला पॉलिमर वीज वाहूं शकतो असें दाखविलें. परंतु नेहमींच्या उष्णतामानांत त्यांतून आयन फार मंद चालतात. म्हणून द्रव व घन ह्यांमधील मार्ग म्हणजे जेल. त्याचें जाळें दाट केलें तर आयनांची वाट अडते, विरळ केलें तर तें लुळें पडतें. हा मेळ साधण्यासाठीं शास्त्रज्ञ अद्याप झटत आहेत.

फॅरेडे ह्यांनीं सरदारकी नाकारली व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदही घेतलें नाहीं. मुलांसाठीं मात्र त्यांनीं नाताळांतील व्याख्यानमाला एकोणीस वेळां गुंफली. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

साधनें थोडीं आहेत अशी तक्रार आपण वारंवार करितों. सात नाणीं, सात चकत्या व ओला कागद एवढ्यावर ज्यानें आरंभ केला, आणि आपल्या मताविरुद्ध गेलेला प्रयोगही ज्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेविला, त्याचें हें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेची वही उघडतांना आठवावें, एवढीच आमची इच्छा आहे.