चुलीचा हिशेब मांडणारा काउंट

फिजिक्सच्या पुस्तकात काउंट रमफर्ड भेटतो तो तोफेच्या नळीला भोक पाडताना पाणी उकळवणारा माणूस म्हणून. दोन मार्कांचं उत्तर लिहिलं की विषय संपला! पण या माणसाला खरं वेड होतं चुलीचं.

मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. जन्म १७५३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. शेतकऱ्याचं घर, वडील लहानपणीच गेलेले. एकोणिसाव्या वर्षी त्याने एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं. स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा हा ब्रिटिशांच्या बाजूने, त्यांना गुपचूप बातम्याही पुरवायचा. १७७६ मध्ये बायको आणि लहानग्या मुलीला मागे टाकून त्याने लंडन गाठलं. बायकोची भेट पुन्हा झाली नाही. मुलगी भेटली, पण तोवर ती विशी ओलांडून गेली होती.

पुढे तो जर्मनीतल्या बव्हेरियात सरकारी नोकरीत शिरला. १७९० मध्ये म्युनिकमधल्या भिकाऱ्यांना गोळा करून त्याने कामाला लावलं. एवढ्या लोकांचा स्वयंपाक करायचा म्हणजे लाकूड किती जळणार? उघड्या जाळाची बरीचशी उष्णता भांड्याला लागतच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने विटांच्या बंदिस्त चुली बांधल्या. भांडं आत बसवलेलं, त्याच्याखाली स्वतंत्र जाळ आणि हवा कमी-जास्त करायला झडप. थोड्या लाकडात भरपूर शिजू लागलं.

मग लंडनच्या घरांची पाळी. तिथल्या फायरप्लेस अवाढव्य. उष्णता धुरांड्यातून वर आणि धूर खोलीत! रमफर्डने धुरांड्याचा गळा अरुंद केला, फायरप्लेसची खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या. धूर सरळ वर जाऊ लागला, ऊब घरात येऊ लागली. १७९६ मध्ये त्याने ही रीत छापून सगळ्यांना मोकळी केली. पेटंट घेतलंच नाही. जेन ऑस्टिनच्या कादंबरीतही ही फायरप्लेस येते.

आयुष्याची शेवटची वर्षं पॅरिसजवळ गेली. शास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या विधवेशी केलेलं दुसरं लग्न मोडलं, प्रयोग मात्र थांबले नाहीत. वेगवेगळी लाकडं वाळवून, वजन करून, जाळून तो उष्णता मोजत बसायचा. वरून कोरड्या दिसणाऱ्या लाकडातही पाणी असतं आणि त्याची वाफ करण्यात जाळाची उष्णता खर्च होते, हे त्याने आकड्यांत मांडलं. पावसाळ्यात ओल्या सरपणाची चूल फुंकणाऱ्या आपल्या आज्यांना हे अनुभवाने ठाऊक होतंच. म्हणून तर लाकूड फोडून, छपराखाली, वारा खेळेल असं रचून ठेवायचं.

१८१४ मध्ये रमफर्ड गेला. त्याचं स्वतःचं घर दोनदा मोडलं. पण कित्येक घरांतला धूर त्याच्यामुळे कमी झाला, हेही तितकंच खरं.