फ्रँक डेव्हलिन : विजेतेपदांकडून शिकवण्याकडे

बॅडमिंटन हा आपल्या परिचयाचा खेळ आहे. त्याचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी तयार केले, ही गोष्ट मराठी वाचकांना कौतुकाची वाटते. त्यामुळे या खेळातील एका थोर खेळाडूचा परिचय येथे करून द्यावा, असे आम्हांस वाटले. हा खेळाडू म्हणजे आयर्लंडचे जेम्स फ्रँक डेव्हलिन.

डेव्हलिन यांचा जन्म १९०० साली डब्लिन येथे झाला. त्या काळी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नव्हती. ती १९७७ साली सुरू झाली. त्यापूर्वी लंडनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकणाराच जगात श्रेष्ठ मानला जाई. या स्पर्धेत डेव्हलिन यांनी एकूण १८ विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी ६ एकेरीची, ७ पुरुष दुहेरीची आणि ५ मिश्र दुहेरीची. १९२६, १९२७ आणि १९२९ या तीन वर्षी तर तिन्ही विजेतेपदे त्यांच्याकडेच होती.

यांत सर्वांत मोठा आकडा दुहेरीचा आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. दुहेरीत एकट्याचे कौशल्य पुरत नाही. आक्रमण करताना एक जण जाळीजवळ आणि दुसरा मागे असतो. बचाव करताना दोघे शेजारी शेजारी उभे राहतात. सोबत्याने सोडलेली जागा न सांगता भरून काढावी लागते. डेव्हलिन यांनी पहिले दुहेरी विजेतेपद १९२२ साली गाय सॉटर यांच्यासमवेत मिळवले. पुढील सहा विजेतेपदांत त्यांचे सोबती होते आयर्लंडचेच गॉर्डन मॅक. ‘कर्ली’ या नावाने मॅक ओळखले जात आणि ते स्वतः १९२४ चे एकेरी विजेते होते.

सर जॉर्ज थॉमस यांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली एक संघ कॅनडाच्या दौऱ्यावर गेला. त्यात डेव्हलिनही होते. हाच देश पुढे त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. १९३१ साली त्यांनी ऑल इंग्लंडचे एकेरी व दुहेरी विजेतेपद पुन्हा पटकावले आणि त्यानंतर व्यावसायिक प्रशिक्षकाचा मार्ग धरला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. शिकवण्याचे मानधन घेणाऱ्यास हौशी खेळाडूंच्या स्पर्धांत भाग घेता येत नसे. अनेक दशकांनंतर, १९७९ पासून, खुल्या स्पर्धा सुरू झाल्या आणि हे बंधन सैल झाले. डेव्हलिन यांच्यासाठी मात्र ऑल इंग्लंडचे दार कायमचे बंद झाले. खेळ ऐन भरात असताना, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी मैदान सोडले ते इतरांना शिकवण्यासाठी.

प्रथम कॅनडातील विनिपेग आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर ही त्यांची कर्मभूमी झाली. त्यांनी या खेळावर पुस्तकेही लिहिली. सुझन आणि ज्युडी या त्यांच्या कन्या त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. १९५७ साली महिलांच्या पहिल्या उबेर चषकावर अमेरिकेने नाव कोरले, तेव्हा दोघी भगिनी त्या संघात होत्या. दोघींनी मिळून ऑल इंग्लंडची दुहेरी विजेतेपदेही जिंकली. ज्युडी यांनी १९५४ ते १९६७ या काळात ऑल इंग्लंडचे एकेरी विजेतेपद तब्बल १० वेळा मिळवले. पित्याच्या सहा विजेतेपदांहून चार अधिक! विवाहानंतर त्या ज्युडी हॅशमन या नावाने ओळखल्या गेल्या.

डेव्हलिन यांचे १९८८ साली निधन झाले. जागतिक बॅडमिंटनच्या मानकऱ्यांच्या नामावलीत पिता आणि कन्या या दोघांचीही नोंद आहे.

आपल्या मुलाने पदक आणावे, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या पदकामागे संध्याकाळमागून संध्याकाळ मैदानावर उभा राहणारा कोणी शिक्षक असतो. त्याचे नाव फलकावर नसते. अशा शिक्षकाची आठवण ठेवली, तर डेव्हलिन यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल, असे आम्हांस वाटते.