हेन्री ओल्डेनबर्ग : दुसऱ्यांच्या विचारांचा विश्वस्त

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना तुम्ही ग्रंथ वाचता आणि ग्रंथकारांची नावे लक्षात ठेवता. परंतु ग्रंथकाराने लिहिलेला विचार वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी मध्यंतरी काय घडते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो कोणीतरी वाचलेला असतो, तपासलेला असतो, त्यावर आक्षेप घेतलेले असतात आणि मगच तो छापायचा की नाही हे ठरलेले असते. आज या पद्धतीला पीअर रिव्ह्यू, म्हणजेच त्याच विषयातील जाणकारांकडून होणारे पूर्वपरीक्षण, असे म्हणतात. संशोधनपर नियतकालिकांची विश्वासार्हता मुख्यतः याच पद्धतीवर अवलंबून असते.

ही पद्धत एका दिवसात किंवा एका माणसाच्या कल्पनेतून निर्माण झालेली नाही. तथापि तिच्या पायाशी असलेले नैतिक प्रश्न ज्यांच्या आयुष्यात प्रथम ठळकपणे पुढे आले, अशा एका व्यक्तीचे चरित्र या घटकात आपण पाहणार आहोत. त्यांचे नाव हेन्री ओल्डेनबर्ग. त्यांनी स्वतःचा कोणताही मोठा सिद्धान्त मांडला नाही. इतरांचे अप्रकाशित विचार सांभाळणे, पोहोचवणे आणि प्रसिद्ध करणे हेच त्यांचे जीवितकार्य होते. वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा : ज्याच्या हाती दुसऱ्याचे अप्रकाशित लेखन येते, त्याच्यावर कोणती जबाबदारी येते?

ब्रेमेन ते लंडन

ओल्डेनबर्ग यांचा जन्म १६१९ च्या सुमारास जर्मनीतील ब्रेमेन या शहरात झाला. तेथेच त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १६३९ मध्ये पदवी मिळवली. पुढील अनेक वर्षे श्रीमंत घराण्यांतील तरुणांचे शिक्षक म्हणून त्यांनी युरोपभर प्रवास केला. या प्रवासात त्यांनी अनेक भाषा आत्मसात केल्या. १६५३ मध्ये ब्रेमेनच्या नगरशासनाने त्यांना क्रॉमवेल यांच्याकडे दूत म्हणून लंडनला पाठवले. इंग्लंड आणि हॉलंड यांच्यातील युद्धात ब्रेमेनच्या तटस्थतेला मान्यता मिळवणे हे त्यांचे काम होते. याच काळात कवी मिल्टन यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल यांच्या भाच्याचे ते शिक्षक झाले आणि बॉईल यांच्याशी त्यांचा आयुष्यभराचा स्नेह जुळला.

१६६० मध्ये लंडनमध्ये रॉयल सोसायटीची स्थापना झाली आणि १६६२ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. या सनदेत दोन चिटणिसांची नावे होती. त्यांपैकी एक ओल्डेनबर्ग यांचे होते. संस्थेचा परदेशी पत्रव्यवहार सांभाळणे हे त्यांचे प्रमुख काम बनले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी तत्त्वज्ञान या शब्दाची व्याप्ती आजच्यापेक्षा मोठी होती. निसर्गाचा अभ्यासही निसर्ग-तत्त्वज्ञान या नावानेच ओळखला जात असे. म्हणून आज आपण ज्यांना वैज्ञानिक म्हणतो आणि ज्यांना तत्त्वज्ञ म्हणतो, ते दोघेही ओल्डेनबर्ग यांच्या पत्रव्यवहारात एकत्र भेटतात.

दोन विचारवंतांमधील दुवा

१६६१ च्या उन्हाळ्यात ओल्डेनबर्ग हॉलंडमधील राइन्सबर्ग या गावी गेले. तेथे त्यांची भेट बारूख स्पिनोझा या तरुण तत्त्वज्ञाशी झाली. परतल्यावर त्यांनी बॉईल यांचा सोऱ्यावरील प्रयोगांचा ग्रंथ स्पिनोझा यांना पाठवला आणि त्यांचे मत मागवले. स्पिनोझा यांनी स्वतः काही प्रयोग केले आणि बॉईल यांच्या निष्कर्षांवर सविस्तर आक्षेप लिहून कळवले. ओल्डेनबर्ग यांनी ते बॉईल यांच्यापुढे ठेवले आणि बॉईल यांचे उत्तर पुन्हा स्पिनोझा यांना कळवले.

या पत्रव्यवहारात दोघांपैकी कोणीही आपले मत सोडले नाही. तरीही त्याचे महत्त्व मोठे आहे. एकाचे लेखन, दुसऱ्याचे सविस्तर परीक्षण, त्यावर मूळ लेखकाचे उत्तर आणि या सर्वांची प्रामाणिक ने-आण करणारा तिसरा माणूस, असे आजच्या पूर्वपरीक्षणाचे सर्व घटक येथे दिसतात. फरक इतकाच की बॉईल यांचे लेखन आधीच छापून झाले होते. हे परीक्षण छपाईपूर्वी व्हावे, ही कल्पना अद्याप रुजायची होती.

नियतकालिकाचा जन्म

१६६५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये दनी द सालो यांनी ‘जुर्नाल दे सावां’ हे विद्वानांसाठीचे नियतकालिक सुरू केले. त्यातील परखड ग्रंथपरीक्षणांमुळे रोष ओढवला आणि काही आठवड्यांतच ते स्थगित झाले. दुसऱ्या संपादकाच्या हाताखाली ते पुढील वर्षी पुन्हा निघू लागले. त्याच १६६५ मध्ये, ६ मार्च रोजी, ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकाचा पहिला अंक काढला. त्याची पृष्ठसंख्या केवळ १६ होती. रॉयल सोसायटीच्या कार्यकारी मंडळाने परवानगी देताना एक अट घातली होती : अंकाला मंडळाचा परवाना असावा आणि त्यापूर्वी काही सभासदांनी मजकूर पाहिलेला असावा.

या अटीमुळे ओल्डेनबर्ग यांना पूर्वपरीक्षणाचे जनक म्हटले जाते. पण ते विधान जपून स्वीकारायला हवे. नियतकालिक संस्थेच्या मालकीचे नव्हते, ते ओल्डेनबर्ग यांचे खाजगी प्रकाशन होते. काय छापायचे याचा निर्णय प्रायः तेच घेत. सभासदांची पाहणी ही आजच्यासारखी गुणवत्तेची कसोटी नव्हती. धर्म, राज्य किंवा संस्था यांना अडचणीत आणणारे काही छापले जाऊ नये, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. ओल्डेनबर्ग यांचे खरे योगदान दुसरे आहे. पत्र कोणत्या दिवशी आले याची नोंद ठेवणे, लेखकाच्या नावाने ते प्रसिद्ध करणे आणि त्यावरील आक्षेपही छापणे, ही शिस्त त्यांनी रुजवली. त्यापूर्वी अनेक विद्वान आपला शोध चोरीला जाईल या भीतीने तो लपवून ठेवत किंवा सांकेतिक अक्षरांत लिहीत. प्रसिद्धीमुळेच शोधावरील हक्क सुरक्षित राहतो, असा विश्वास आता त्यांना वाटू लागला.

हे नियतकालिक केवळ आलेली पत्रे छापून थांबले नाही. दूरदेशीच्या प्रवाशांसाठी प्रश्नावल्याही त्यात येत. १६६७ मध्ये सुरत आणि पूर्वेकडील इतर प्रदेशांविषयीची अशीच एक प्रश्नावली त्यात प्रसिद्ध झाली. शिवाजी महाराजांच्या इतिहासातून तुम्हाला परिचित असलेले हे बंदर त्या वेळी इंग्रज व्यापाऱ्यांचे प्रमुख ठाणे होते.

संकटांचा काळ

पहिल्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगची साथ आली आणि काही अंक ऑक्सफर्डमध्ये छापावे लागले. १६६६ च्या आगीत लंडनमधील ग्रंथविक्रेत्यांचे प्रचंड नुकसान झाले. नियतकालिकातून चरितार्थ चालेल, ही ओल्डेनबर्ग यांची अपेक्षा पूर्ण झाली नाही. संस्थेने त्यांना वार्षिक ४० पौंडांचे वेतन मंजूर केले ते १६६९ मध्ये, म्हणजे कित्येक वर्षांच्या कामानंतर.

त्याहून मोठे संकट १६६७ मध्ये कोसळले. इंग्लंड आणि हॉलंड यांचे युद्ध सुरू होते. परदेशांशी सतत पत्रव्यवहार करणारा, जन्माने परकीय असलेला हा चिटणीस सरकारच्या संशयास पात्र ठरला. युद्धाच्या संचालनावर त्यांनी पत्रांतून टीका केली असल्याचा समज झाला आणि जूनमध्ये त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत टाकण्यात आले. सुमारे दोन महिन्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस, त्यांची सुटका झाली. बाहेर येताच त्यांनी पुन्हा पत्रव्यवहार हाती घेतला.

परीक्षकच प्रतिस्पर्धी असेल तर?

१६७२ च्या फेब्रुवारीत आयझॅक न्यूटन यांचे प्रकाश आणि रंग यांविषयीचे पत्र ओल्डेनबर्ग यांच्याकडे आले आणि त्याच महिन्यात छापले गेले. संस्थेने त्यावर अभिप्राय देण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले, त्यांत रॉबर्ट हुक होते. अभिप्राय प्रत्यक्षात हुक यांनीच लिहिला. हुक यांचा प्रकाशाविषयी स्वतःचा सिद्धान्त होता. त्यांनी न्यूटन यांचे प्रयोग मान्य केले, पण निष्कर्ष नाकारला. न्यूटन दुखावले गेले आणि पुढील वर्षी तर त्यांनी संस्था सोडण्याची इच्छा कळवली. ओल्डेनबर्ग यांनी त्यांची समजूत घातली. वाद व्यक्तींचा न राहता विचारांचा राहावा, म्हणून उत्तरात आक्षेपकांची नावे गाळावीत, असेही त्यांनी न्यूटन यांना सुचवले होते. आज तत्त्वज्ञानाच्या अनेक नियतकालिकांत लेखक आणि परीक्षक यांची नावे एकमेकांपासून गुप्त ठेवतात. ती व्यवस्था पुष्कळ नंतरची असली, तरी तिच्यामागील चिंता हीच आहे.

संपादकाचा स्वतःचा हितसंबंध

आतापर्यंत ओल्डेनबर्ग तटस्थ मध्यस्थ म्हणून आपल्यासमोर आले. १६७५ मध्ये मात्र त्यांचीच तटस्थता प्रश्नांकित झाली. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगन्स यांनी सर्पिल कमानीवर चालणाऱ्या घड्याळाचा शोध त्यांना कळवला आणि इंग्लंडमधील त्याचे हक्क देऊ केले. त्यानुसार ओल्डेनबर्ग हे हक्कपत्र मिळवण्याच्या खटपटीला लागले. हुक यांचे म्हणणे असे की, ही कल्पना आपण अनेक वर्षांपूर्वीच संस्थेपुढे मांडली होती आणि ओल्डेनबर्ग यांनी ती परदेशी कळवली. त्यांनी हा आरोप छापील ग्रंथांतून जाहीरपणे केला. ओल्डेनबर्ग यांनी आपल्या नियतकालिकातून उत्तर दिले आणि १६७६ मध्ये संस्थेच्या मंडळाने त्यांची बाजू घेतली.

विद्यार्थी मित्रहो, येथे निर्णय देण्याची घाई करू नका. ओल्डेनबर्ग यांनी विश्वासघात केला, असे मंडळाला वाटले नाही. परंतु जो माणूस सर्वांची गुपिते सांभाळतो, त्यालाच एका शोधातून आर्थिक लाभ होण्याची शक्यता असेल, तर इतरांनी त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा? शिवाय आरोपाचे उत्तर छापण्याचे साधनही त्याच्याच हाती होते. आज संपादकांनी आणि परीक्षकांनी आपले हितसंबंध आधीच जाहीर करावेत, हा नियम याच प्रश्नातून अर्थपूर्ण ठरतो. हुक यांचा संशय अखेरपर्यंत गेला नाही. पुढे स्वतः चिटणीस झाल्यावर त्यांनी जुनी इतिवृत्ते चाळून आपल्या कामाच्या नोंदी तपासल्या. २००६ मध्ये सापडलेल्या त्यांच्या टिपणांवरून हे दिसते.

प्रसिद्ध करावे की थांबावे?

स्पिनोझा यांच्याशी ओल्डेनबर्ग यांचा पत्रव्यवहार दीर्घ खंडानंतर १६७५ मध्ये पुन्हा सुरू झाला. पूर्वी त्यांनी स्पिनोझा यांना निर्भयपणे आपले विचार प्रसिद्ध करण्याचा आग्रह केला होता. आता स्पिनोझा यांचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ तयार असल्याचे कळताच त्यांचा सूर बदलला. धर्माचरणाला धक्का पोहोचेल असे काही त्यात नसावे, अशी सावधगिरीची सूचना त्यांनी केली. स्पिनोझा छपाईसाठी ॲमस्टरडॅमला गेले, तेव्हा ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा ग्रंथ येत असल्याची अफवा पसरली. धर्मपंडितांनी तक्रारी केल्या आणि स्पिनोझा यांनी प्रकाशन पुढे ढकलले. १६७७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. ग्रंथ वर्षअखेरीस मित्रांनी प्रसिद्ध केला, तोही लेखकाची केवळ आद्याक्षरे देऊन. त्याच संग्रहात ओल्डेनबर्ग यांच्याशी झालेला पत्रव्यवहारही होता.

ओल्डेनबर्ग यांचा बदललेला सूर केवळ भित्रेपणाचा म्हणता येणार नाही. टॉवरमधील कैद त्यांनी भोगली होती आणि त्यांची स्वतःची धर्मश्रद्धाही प्रामाणिक होती. तथापि परीक्षकाचा सल्ला ग्रंथ सुधारण्यासाठी आहे की विचार थोपवण्यासाठी, हा प्रश्न येथे उभा राहतो. तत्त्वज्ञानाच्या प्रकाशनात तो आजही टळलेला नाही.

अखेर आणि नंतर

ओल्डेनबर्ग यांचे निधन ५ सप्टेंबर १६७७ रोजी झाले. त्याच वर्षी त्यांनी लेव्हेनहूक यांचे पाण्यातील सूक्ष्म जीवांविषयीचे पत्र स्वतः भाषांतरित करून छापले होते. अनेकांना ते अविश्वसनीय वाटले. त्या निरीक्षणाचा पडताळा त्याच वर्षी, ओल्डेनबर्ग यांच्या मृत्यूनंतर, घेतला तो त्यांचे कट्टर विरोधक हुक यांनी, आणि लेव्हेनहूक खरे ठरले. काही वर्षे बंद राहून नियतकालिक पुन्हा निघू लागले. १७५२ मध्ये संस्थेने त्याची जबाबदारी अधिकृतपणे स्वीकारून निवडीसाठी समिती नेमली. १८३० च्या दशकात परीक्षकांचे लेखी अहवाल घेण्याची प्रथा सुरू झाली. एका व्यक्तीच्या सचोटीवर चाललेले काम असे हळूहळू नियमांच्या आधारावर उभे राहिले.

सारांश

ओल्डेनबर्ग यांनी नोंद, श्रेय आणि खुली चर्चा यांची शिस्त विद्याव्यवहाराला दिली. परंतु संपादक प्रामाणिक असणे पुरेसे नसते. तो प्रामाणिक आहे हे इतरांना तपासता आले पाहिजे, हेही त्यांच्या चरित्रातून दिसते. तुम्ही स्वाध्याय किंवा प्रकल्प लिहिताना दुसऱ्याचा विचार त्याच्या नावासह नोंदवता, तेव्हा याच विश्वासाचा एक भाग तुमच्याही हाती असतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ओल्डेनबर्ग यांना पूर्वपरीक्षणाचे जनक म्हणणे कितपत योग्य आहे? सकारण लिहा.
२. घड्याळाच्या वादात ओल्डेनबर्ग यांनी कोणती दक्षता घ्यायला हवी होती, असे तुम्हाला वाटते?
३. स्पिनोझा यांना दिलेला सावधगिरीचा सल्ला हे परीक्षण होते की नियंत्रण? तुमचे मत मांडा.