गाठ आणि रक्त, दोन्हींचा अभ्यास करणाऱ्या कमल रणदिवे

हिंजवडीच्या बायोटेक पार्कमध्ये आज पेशी प्रयोगशाळेत वाढवणे हे नेहमीचे काम आहे. भारतात या कामाचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्याच डॉ. कमल रणदिवे होत्या.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमल समर्थ हुजूरपागेत शिकल्या. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, ही त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केले नाही. त्या प्रयोगशाळेकडे वळल्या. १९३९मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि १९४९मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला, प्रसिद्ध ‘हेला’ पेशी वाढवणाऱ्या जॉर्ज गाय यांच्याकडे, त्या पेशीसंवर्धन शिकल्या.

मायदेशी परतून त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग म्हणजे गाठीचे आजार, ल्युकेमिया रक्ताचा. या तिन्हींचा अभ्यास त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून केला. संप्रेरके, आनुवंशिकता आणि विषाणू मिळून कर्करोगाला वाट करून देतात, हे त्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले.

या अभ्यासाचे मोल दवाखान्यात कळते. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियात रोगप्रतिकारशक्ती दुबळी होते, त्यामुळे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. मानेत किंवा काखेत नवी गाठ आली, की ती जुन्याच आजाराची समजली जाते. तिथेच घात होतो. वेगळी वाटणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या गाठीचा तुकडा तपासलाच पाहिजे. ती दुसराच कर्करोग निघाली, तर जिवाला जास्त धोका कशाचा, हे आधी ठरवतात. ल्युकेमिया शांत असेल तर त्यावर फक्त लक्ष ठेवून गाठीवर उपचार करतात. मात्र जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव यांची काळजी जास्त घ्यावी लागते. दुर्मीळ गाठ आणि ल्युकेमिया एकत्र असलेले रुग्ण मोजकेच, त्यामुळे हजारोंवर चाचण्या घेणे शक्य नसते. अशा वेळी पेशी आणि प्राण्यांवरील अभ्यासाचाच मोठा आधार असतो.

कमलताई १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालक होत्या. १९७३मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात रमल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्या डॉक्टर झाल्या नाहीत; पण डॉक्टरांना उपयोगी पडणारे ज्ञान मात्र त्यांनी मागे ठेवले.