सार्वजनिक काका

१८७९ सालचा उन्हाळा पुणेकरांना मोठ्या धास्तीत गेला. दुष्काळाने गांजलेल्या मुलखात वासुदेव बळवंत फडके यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारले होते. मे महिन्यात शहरातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. सरकारचा संशय बळावला. इंग्रजी वर्तमानपत्रे पुण्याच्या सुशिक्षित मंडळींकडे बोट दाखवू लागली. पुढे फडके पकडले गेले. परंतु त्यांचे वकीलपत्र घेण्यास कोणी धजेना. तेव्हा जे गृहस्थ पुढे झाले, त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणत.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. ते पुण्यात स्थायिक झाले व पुढे वकिली करू लागले. २ एप्रिल १८७० रोजी त्यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली. निदान ५० माणसांनी मुखत्यारपत्र दिल्यावाचून कोणासही तिचे सभासद होता येत नसे. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे हे सभेचे काम. ते काकांनी घरच्या कार्याप्रमाणे अंगावर घेतले, म्हणूनच त्यांना हे नाव पडले.

त्या काळी बाजारपेठा विलायती कापडाने भरून गेल्या होत्या व येथील विणकरांची उपासमार होत होती. १८७२ साली काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले. ते स्वतः सूत कातीत व त्याच जाड्याभरड्या खादीचे कपडे वापरीत. देशी मालाची दुकाने काढून त्यांनी प्रसंगी तोटाही सोसला. १८७७ च्या आरंभी दिल्लीत मोठा दरबार भरला. रेशमी व जरतारी पोशाखांच्या त्या गर्दीत सभेचे प्रतिनिधी असलेले काका पांढऱ्या खादीत वावरले.

काकांच्या पत्नी सरस्वतीबाई याही मागे राहिल्या नाहीत. त्यांनी स्त्रियांसाठी ‘स्त्रीविचारवती सभा’ काढली आणि निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांना हळदीकुंकवाच्या निमित्ताने एकत्र आणले.

१८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची खरी हकीकत मिळवून सरकारला कळविली. फडक्यांचे मन पेटले, तेही याच दुष्काळाने. मात्र दोघांच्या वाटा निराळ्या होत्या. फडक्यांनी शस्त्र हाती धरले, तर काकांचा भरवसा कायद्यावर होता. तरीही आरोपीला आपली बाजू मांडता आलीच पाहिजे, असे काकांनी मानले. आपल्यावर व सभेवर सरकारची वक्रदृष्टी वळेल, हे ठाऊक असूनही ते न्यायालयात उभे राहिले.

नोव्हेंबर १८७९ मध्ये फडक्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांना दूर एडनला नेण्यात आले. तेथेच १८८३ साली त्यांचा अंत झाला. काकाही त्या खटल्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. २५ जुलै १८८० रोजी त्यांचे निधन झाले. खटला ते हरले होते. परंतु सारे शहर भयाने गप्प असताना एका एकाकी माणसाची बाजू बोलून दाखविण्याचे आपले कर्तव्य त्यांनी चुकविले नाही. ज्याला सर्वांनी काका म्हणावे, असा हा पुरुष होता.