पेटीवाले पु. ल.

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात लहान मुलांचा ‘नाच रे मोरा’ झाला नाही, असं एखादं वर्ष आठवतं का कुणाला? कागदी पिसारा पहिल्या कडव्यातच गळायचा. १९५३ च्या ‘देवबाप्पा’तल्या गदिमांच्या त्या गाण्याची चाल पु. ल. देशपांड्यांची, हे आपल्याला फार उशिरा कळलं.

पु. ल. ८ नोव्हेंबर १९१९ ला मुंबईत जन्मले, पार्ल्यात वाढले. पेटी लहानपणी हाती आली. शाळकरी वयातच बालगंधर्वांसमोर वाजवण्यापर्यंत मजल गेली. पुढे मुंबईत शाळामास्तर, बेळगावात प्राध्यापक, मग नाटक-सिनेमा आणि १९५५ पासून आकाशवाणीची नोकरी.

खरी गंमत इथे आहे. आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती! श्रुती आणि मींड तिच्यातून निघत नाही, हा आक्षेप. आपल्याकडे दशावतारात पायपेटी घुमल्याशिवाय राजा पडद्याबाहेर येत नाही, आणि तिथे पेटीवर जीव टाकणारा माणूस पेटी नसलेल्या घरात चाकरीला! बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तोवर पु. ल. केव्हाच नोकरीतून बाहेर पडले होते.

कान मात्र पेटीवाल्याचाच राहिला. रेडिओवर ना रंगभूषा, ना हातवारे. माणूस ओळखायचा तो बोलण्याच्या सुरावरून. ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधला रत्नागिरीचा अंतू बर्वा ते वाचत, तेव्हा शब्द कुठे ओढायचा, कुठे सोडून द्यायचा, हे त्यांना गवयासारखं ठाऊक असे.

आमच्या आजोबांना आधी हे रुचलं नव्हतं. मुंबईचा माणूस कोकणच्या गरिबीवर हसतो, असं त्यांचं म्हणणं. वाडीत वीज आली नव्हती, ट्रान्झिस्टर कंदिलाशेजारी असायचा. एका रात्री अंतू बर्वा लागला. वीज घेऊन उजेडात आपलं दारिद्र्यच दिसणार, अशा अर्थाचं अंतू बोलला आणि आम्ही पोरं खिदळलो. आजोबा हसले नाहीत, पण रेडिओ बंदही करू दिला नाही. पुढे कधी त्यांनी पु. लं.ना नावं ठेवली नाहीत.

१२ जून १९४६ ला रत्नागिरीत सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि त्या नात्याने आपलं धामापूरही त्यांचं झालं. पुण्यात ते गेले तेही १२ जूनलाच, २००० साली.

शाळेची जुनी पेटी अजून आहे, भाता फाटलाय. मेळाव्याचे पैसे उरले, तर आधी तो शिवून घेऊ.