अंगणात उतरलेली शाळा

आयुष्यावर ठसा उमटवणाऱ्या एका व्यक्तीविषयी लिहा, असा स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आधी आपल्या शाळेतल्या बाईंची आणि सरांचीच नावे डोळ्यांसमोर आली. पण त्यांच्यावर तुमच्यापैकी बरेच जण लिहितील, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहितील. म्हणून मी अशा बाईंविषयी लिहिते आहे, ज्यांना मी कधी भेटले नाही आणि तरीही ज्यांनी मला माझ्याच वर्गात पुन्हा शिकायला बसवले. त्या म्हणजे अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. अशा मुलीचे पुढचे आयुष्य स्वयंपाकघरातल्या एका कोपऱ्यात जायचे. अनुताईंचे तसे झाले नाही. त्या शिकल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका झाल्या आणि नोकरीची पहिली काही वर्षे त्यांनी आपल्या नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात काढली. मला याचे फार अप्रूप वाटते. त्यानंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्या बरीच वर्षे होत्या. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचे, असे करत त्या मॅट्रिक झाल्या. बी. ए. झाल्या तेव्हा तर पन्नाशी उलटून गेली होती.

१९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या एका शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे मोठे काम केले होते आणि आता त्यांना ते खेड्यात न्यायचे होते. पस्तिशीच्या अनुताईंनी पुण्यातली स्थिर नोकरी सोडली आणि डहाणूजवळच्या बोर्डीची वाट धरली.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती गरिबांची मुले काही येईनात. आईबाप कामावर गेलेले, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर राखणारी. ती शाळेत येणार कशी? मग मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असे ठरले. दोघी दलित वस्तीत जाऊ लागल्या. अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. १९७५ पासून सरकारी योजनेमुळे हा शब्द देशभर पोचला. आज गावोगावी जी अंगणवाडी दिसते, तिच्या नावामागे बोर्डीचे ते झाडलेले अंगण आहे.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली पाडे. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. यातली युक्ती साधी होती. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की त्याला सांभाळणारी ताई वर्गात बसू शकते. जी मुले गुरे राखायला रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथेच शाळा.

मॉन्टेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा दगडगोटे, बिया, पाने, फुले, शंखशिंपले आणि माती यांनी घेतली. मला वाटते, यात काटकसरीपेक्षा मोठे काही घडले. विकतच्या ठोकळ्याचा एकच उपयोग असतो. चिंचोका मात्र मोजायला चालतो, नक्षीला चालतो आणि मुलाच्या मनात आले तर तो बैलही होतो. ज्या वस्तू मुलाच्या दारात पडलेल्या आहेत त्यांच्यातूनच शिकायचे म्हटल्यावर, आपले घर, आपले रान, आपली बोली हे काही कमी प्रतीचे आहे असे त्याला वाटत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला अजून जड जाते.

आपली दहावी १९८१ ची. पुढे बालवाडीचा कोर्स करून मी १९८५ मध्ये सातपूरच्या कामगार वस्तीत एका भाड्याच्या खोलीत बालवाडी काढली. अनुताईंना पद्मश्री मिळाली ते हेच वर्ष. पेपरात ती बातमी वाचली आणि विसरले. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना लिहिणारे मूल हवे होते, कारण पुढे मोठ्या शाळेत मुलाखत द्यायची होती. फी बुडेल या भीतीने मी साडेतीन वर्षांच्या मुलांच्या हातात पाटी-पेन्सिल दिली. एक मुलगा होता. तो रोज दाराशी सगळ्यांच्या चपला ओळीने लावून आगगाडी करायचा. रडणारे नवे मूल दिसले की त्याची चपल उचलून सगळ्यांत पुढे, इंजिनाच्या जागी ठेवायचा. ते मूल रडायचे थांबायचे. मी ती आगगाडी मोडली आणि त्याला अ गिरवायला बसवले. एकदा हातावर पट्टीही मारली. तो गप्प झाला. दिवाळीनंतर आलाच नाही.

पुढे कधीतरी सार्वजनिक वाचनालयातून अनुताईंचे आत्मचरित्र, कोसबाडच्या टेकडीवरून, आणून वाचले. तेव्हा त्या हयात नव्हत्या. दुसऱ्याच्या मुलाचे केस विंचरण्यापासून शाळा सुरू करणाऱ्या त्या बाई, आणि चपलांची आगगाडी मोडणारी मी! नव्या मुलाचे दुःख ओळखायला कल्पना लागते आणि ते हलके करायला माया लागते. त्या मुलाकडे दोन्ही होते, आणि मी त्याला शिकवायला निघाले होते.

त्या जूनपासून मी पाट्या कपाटात ठेवल्या. चिंचोके, गोटे, मातीचा गोळा आणि गोष्टी आणल्या. वर्गात पहिले काम म्हणजे एकमेकांचे हात धुऊन देणे. काही पालकांनी मुले काढून नेली, दोन वर्षे ओढाताणीची गेली. पण पहिलीत गेलेली माझी मुले लिहिण्यात मागे पडली नाहीत हे पाहून पालक परत येऊ लागले.

अनुताईंनी १९७३ मध्ये ताराबाई गेल्यानंतरही कोसबाडचा भार सांभाळला. लिहिले, शिक्षिका घडवल्या, बायकांच्या प्रश्नांवर काम केले. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या गेल्या. मी नंतर एकदा त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत कोसबाडला जाऊन आले. टेकडीवर पोचल्यावर आधी चपला काढल्या आणि उगाचच त्या एका रेषेत लावून ठेवल्या.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले बरेच जण आता आजी-आजोबा झाले आहेत. नातवंड बालवाडीतून आले की आज काय लिहिले असे आपण पहिल्यांदा विचारतो. त्याऐवजी आज कोणाबरोबर खेळलास, कोण रडत होते, मग तू काय केलेस, हे विचारून बघा. आणि आपल्या गुरुजनांना एक नमस्कार, कारण चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून मांडायला लाज वाटू देऊ नये, हे गणिताच्या तासाला तुम्हीच शिकवले होते.

तो मुलगा आज चाळिशीत असेल. सातपूरच्या रस्त्यावर कधी समोरून आला तर मी त्याला ओळखणार नाही. पण माझ्या बालवाडीच्या दाराशी चपला कशा लावायच्या, हे त्यानंतर नेहमी मुलांनीच ठरवले.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९८१